पान पिवळं पडलं, पण विषाणूच आहे का? शेंगवर्गीय पिकांच्या विषाणू तपासणीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुलैचा शेवट आला की आमच्या प्रयोगशाळेतला फोन वाजायला लागतो, तो थेट गणपती उठेपर्यंत. सोयाबीन, मूग, उडीद, मग तूर, अधूनमधून भुईमूग आणि घेवडा. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच सविस्तर लिहून ठेवली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथेच सगळ्यात जास्त घोटाळे होतात.

सोयाबीन पिवळं पडलंय. येलो मोझॅकच ना?

असेलही. पण सोयाबीन पिवळं पडायला चार-पाच कारणं असतात आणि त्यातलं एकच विषाणू आहे.

आधी पान तोडा आणि उन्हाकडे धरून बघा. शिरा हिरव्यागार आणि शिरांमधली जागा एकसारखी पिवळी, तेही शेंड्याच्या कोवळ्या पानांवर, असं दिसलं तर पहिला संशय लोहाच्या कमतरतेवर घ्या. चुनखडीच्या जमिनीत, पाणी साचलेल्या खोलगट भागात हे हमखास होतं. पिवळेपणा खालच्या जुन्या पानांपासून वर चढत असेल तर नत्र कमी पडतंय. तणनाशक मारल्यावर काही दिवसांतच, तेही पंपाच्या पट्ट्यापट्ट्याने पीक पिवळं पडलं असेल, तर उत्तर तुमच्या पंपात आहे.

मोझॅकचं पान वेगळं दिसतं. गडद पिवळे आणि हिरवे डाग एकमेकांत मिसळलेले, कडा वेड्यावाकड्या, शिरेचा मुलाहिजा न राखता पसरलेले. एकाच पानाचा डावा आणि उजवा भाग सारखा नसतो. शेतातला नकाशाही निराळा असतो. सुरुवातीला झाडं विखुरलेली दिसतात, इथे एक, चार पावलांवर दुसरं, कारण हा विषाणू पसरवणारी पांढरी माशी काही ओळीने बसत नाही. लोहाच्या कमतरतेत अख्खा पट्टा एकदम पिवळा होतो.

शंका राहिलीच तर दोन ओळींवर फेरस सल्फेटची फवारणी करा, १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम आणि सोबत थोडं सायट्रिक अ‍ॅसिड. फक्त दोन ओळी, त्या काठी रोवून खुणावून ठेवा. आठवड्याभरात तिथली पानं हिरवी व्हायला लागली तर प्रयोगशाळेत यायची गरज नाही. आमच्याकडे एक गृहस्थ पांढऱ्या माशीसाठी तीन फवारण्या करून मग नमुना घेऊन आले होते. विषाणू नव्हता, माशीही नव्हती, लोह कमी होतं.

आमच्याकडे याला केवडा म्हणतात. तोच हा रोग का?

मूग, उडदावरचा केवडा म्हणजे हाच पिवळा मोझॅक. पण बाजरीच्या केवड्याशी याचा काडीचा संबंध नाही, तो बुरशीसारख्या जीवामुळे येतो. भेंडीचा केवडा विषाणूचाच आणि पांढऱ्या माशीनेच पसरणारा, पण विषाणू वेगळा. फोनवर नुसतं ‘केवडा आलाय’ म्हणालात तर आम्ही आधी पीक विचारतो, ते याचसाठी.

झाडाला झालेल्या विषाणूवर औषध नाही म्हणता. मग तपासून करायचं काय?

हा प्रश्न रागाने विचारला जातो आणि तो रास्त आहे. अहवाल हातात आला म्हणून आजारी झाड बरं होत नाही. तपासणी त्या झाडासाठी नसतेच. तुम्ही आता काय करणार आणि पुढच्या हंगामात काय पेरणार, यासाठी ती असते.

विषाणू कळला की वाहक कळतो. पिवळा मोझॅक पांढऱ्या माशीने पसरतो, तुरीचा वांझ रोग डोळ्यांना न दिसणाऱ्या कोळ्याने (माइट), भुईमुगाची शेंडेमर फुलकिड्यांनी, घेवड्यावरचा मोझॅक मावा आणि बियाणं या दोघांनी. या प्रत्येकावरचा उपाय निराळा आहे. पांढऱ्या माशीचं कीटकनाशक कोळ्यावर बहुधा वाया जातं, आणि बियाण्यातून आलेल्या विषाणूला पिवळे चिकट सापळे लावून काही साधत नाही.

दुसरं, वेळ. रोग पीक २०-२५ दिवसांचं असताना, मोजक्या झाडांवर सापडला, तर ती झाडं उपटून बांधापासून लांब पुरता येतात. तोच रोग शेंगा भरताना कळला तर उपटण्यात अर्थ नसतो. म्हणून नमुना ऑगस्टच्या सुरुवातीला आणा. सगळं शिवार हळद लावल्यासारखं झाल्यावर आणलात तर आम्ही फक्त नाव सांगू शकतो.

एलायझा म्हणजे नेमकं काय करता?

९६ छोट्या खळग्यांची पारदर्शक प्लास्टिकची ताटली असते. पान खलात वाटून त्याचा रस त्या खळग्यांत भरायचा. विषाणूच्या प्रथिनाला बरोबर चिकटणारे प्रतिपिंड (अँटिबॉडी) आमच्याकडे तयार असतात आणि त्या प्रतिपिंडांना एक एन्झाइम जोडलेलं असतं. रसात विषाणू असेल तर प्रतिपिंड अडकून राहतात, नसेल तर धुण्यात वाहून जातात. शेवटी एन्झाइमचं खाद्य घातलं की अडकलेल्या ठिकाणी पिवळा रंग चढतो. तो ४०५ नॅनोमीटरवर मोजतो. निरोगी पानाच्या आकड्याच्या निदान दुप्पट आकडा आला तर नमुना पॉझिटिव्ह धरतो.

म्हणूनच आजारी पानासोबत निरोगी पान मागतो. आमच्याकडे ठेवणीतलं निरोगी पान असतं, पण तुमच्याच वाणाचं, तुमच्याच शेतातलं असेल तर तुलना खरी होते.

वनस्पतींच्या विषाणूंसाठी ही पद्धत १९७७ नंतर जगभर रूढ झाली. आपल्याकडे अडचण यायची ती रसायनांच्या किमतीची आणि रंग मोजणाऱ्या यंत्राची. हैदराबादजवळच्या पटनचेरूच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेत त्यावर एक छान तोड निघाली. नेहमीच्या एन्झाइमच्या जागी पेनिसिलिनेझ वापरायचं. ते पेनिसिलिन फोडतं, आम्ल तयार होतं आणि ब्रोमोथायमॉल ब्लू हे दर्शक निळ्याचं पिवळं पडतं. निकाल नुसत्या डोळ्यांनी वाचता येतो. यंत्र बिघडलं की मला आजही ही युक्ती आठवते.

एलायझाची मर्यादाही सांगतो. पांढऱ्या माशीने पसरणाऱ्या विषाणूंची बाहेरची प्रथिनं एकमेकांशी इतकी मिळतीजुळती असतात की एकाचे प्रतिपिंड दुसऱ्यालाही चिकटतात. ‘या घराण्यातला कुणीतरी आहे’ एवढं एलायझा सांगते. नेमका कोण, ते सांगत नाही.

मग सरळ पीसीआरच करा की. ती जास्त खरी असते ना?

जास्त नेमकी असते आणि जास्त हळवीही, म्हणजे अगदी थोडा विषाणूही पकडते. पिवळ्या मोझॅकच्या विषाणूचं जनुकद्रव्य म्हणजे डीएनएची दोन वर्तुळं, प्रत्येकी सुमारे २,७०० अक्षरांची. पीसीआरमध्ये त्यातला ठरावीक तुकडा कोट्यवधी पटींनी वाढवतो, जेलच्या थरातून विजेने पळवतो आणि अपेक्षित ठिकाणी पट्टा दिसला की विषाणू आहे म्हणतो. मूग-उडीद-सोयाबीनवर हा रोग आणणारे दोन मुख्य विषाणू आहेत. उत्तर आणि मध्य भारतात एकाचा जोर, दक्षिण आणि पश्चिमेकडे दुसऱ्याचा. शेतात दोघांची लक्षणं सारखीच. वेगळे ओळखायचे तर पीसीआर हवीच. नवे वाण तयार करणाऱ्या पैदासकाराला हा फरक कळणं गरजेचं असतं, कारण एका विषाणूला दाद न देणारा वाण दुसऱ्यापुढे टिकेलच असं नाही. साध्या शेतकऱ्याला मात्र या फरकाने यंदा काही वेगळं करायचं नसतं. तुमचं काम एलायझात भागत असेल तर पीसीआरचा आग्रह धरू नका.

आणि खरेपणाचं म्हणाल तर एक प्रसंग सांगतो. एका वर्षी ऑगस्टमध्ये २२ नमुने एकदम लावले. जेल दिव्याखाली धरलं, बावीसच्या बावीस पॉझिटिव्ह. क्षणभर बरं वाटलं, काम चोख झालं म्हणून. मग शेवटच्या खान्याकडे नजर गेली. तिथे नमुना नव्हताच, नुसतं पाणी होतं, आणि पाण्यालाही पट्टा आला होता. पिपेटमधून आदल्या दिवशीच्या कामाचा अंश सगळीकडे पसरला होता. सगळं फेकलं, टेबल ब्लीचने पुसलं, नवीन रसायनं काढली, दोन दिवस पुन्हा खपलो. दुसऱ्यांदा १३ पॉझिटिव्ह आले. तेव्हापासून कुणी अहवाल दाखवला की मी आधी विचारतो, पाण्याचा खाना कोरा होता का?

डीएनए काढणं हेही वाटतं तितकं सोपं नाही. जून झालेल्या पानांत फिनॉल आणि चिकट शर्करा इतक्या असतात की पीसीआर अडते आणि विषाणू असूनही निकाल कोरा येतो. कोवळं पान मागतो त्याचं हेही एक कारण.

तुरीची काही झाडं नुसतीच हिरवीगार वाढलीत, फुलच नाही. हा काय प्रकार?

वांझ रोग. नाव कुणीही ठेवलेलं असो, अचूक आहे. पानं बारीक, फिकट, त्यावर हिरव्या-पिवळ्या छटा; फांद्यांची झुडुपासारखी गर्दी; आणि शेजारची झाडं शेंगांनी वाकलेली असताना हे झाड डिसेंबरातही हिरवंच. लागण पहिल्या दीड महिन्यात झाली तर त्या झाडाला जवळजवळ काहीच लागत नाही. उशिरा झाली तर काही फांद्या वांझ आणि काही शेंगा धरणाऱ्या असं मिश्र चित्र दिसतं.

या रोगाच्या शोधाची गोष्ट मला फार आवडते. रोगाचं वर्णन बिहारमधल्या पुसा इथून १९३१ मध्ये झालं. कोळ्यामुळे पसरतो हेही पुढे कळलं. पण कारण असलेला विषाणू हाती लागेना. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून बघूनही ओळखू येण्यासारखा कण सापडत नव्हता, रस चोळून रोग दुसऱ्या झाडावर नेता येत नव्हता. कोळ्यामुळेच झाडाला विषबाधा होत असेल, असंही म्हणून झालं. शेवटी २००० सालाच्या आसपास इक्रिसॅट आणि स्कॉटलंडमधल्या शास्त्रज्ञांनी मिळून विषाणू वेगळा केला. म्हणजे सुमारे ७० वर्षं एका रोगाची तपासणीच शक्य नव्हती. तोवर वाण निवडायचे कसे? तर आजारी पान निरोगी रोपाच्या पहिल्या पानाला स्टेपलरने टाचायचं. पान वाळलं की कोळी नव्या पानावर उतरतो. एवढ्या साध्या युक्तीवर रोगप्रतिकारक तुरींची पैदास उभी राहिली. जालन्याजवळच्या बदनापूर केंद्राचे बीएसएमआर ७३६ आणि बीएसएमआर ८५३ हे वाण तुम्ही पेरले असतील. पहिल्याचा दाणा लाल, दुसऱ्याचा पांढरा, आणि दोन्ही वांझ रोगाला दाद न देणारे.

आता एलायझा आहे, पीसीआर आहे. हा विषाणू आरएनएचा असल्यामुळे पीसीआरपूर्वी त्याची डीएनए प्रत काढावी लागते. पण तुरीच्या बाबतीत माझं स्पष्ट मत आहे की वांझ झाड ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही, डोळे पुरतात. त्यापेक्षा बांधावर दोन-तीन वर्षं उभी राहिलेली जुनी तूर आधी काढा. कोळी आणि विषाणू दोघांचंही उन्हाळ्यातलं घर तेच.

भुईमुगाचा शेंडा जळतोय. शेंडेमर समजून फवारू का?

थांबा. इथे डोळ्यांवर विसंबून चालत नाही, आणि याचा मोठा धडा आंध्रातल्या अनंतपूरने घेतलाय. २००० सालच्या खरिपात तिथे सुमारे २ लाख २५ हजार हेक्टरवरच्या भुईमुगाला शेंडे आणि खोड करपवणाऱ्या रोगाने गाठलं. नुकसान ३०० कोटी रुपयांच्या वर गेलं. दिसायला सगळं शेंडेमरसारखं. तपासणीत निघाला तो मात्र तंबाखूवरच्या एका रोगाचं नाव लागलेला दुसराच विषाणू, टोबॅको स्ट्रीक व्हायरस.

फरक नुसता नावाचा नाही. शेंडेमरचा विषाणू फुलकिड्याच्या शरीरात शिरतो, वाढतो आणि तिथून झाडात जातो. हा दुसरा विषाणू गाजर गवताच्या परागकणांवर बसून येतो. फुलकिडे ते पराग अंगावर घेऊन भुईमुगावर उतरतात, पान खरवडतात आणि त्या जखमेतून विषाणू आत जातो. गाजर गवत स्वतः ठणठणीत दिसतं. म्हणजे उपाय काय, तर बांधावरचं गाजर गवत फुलोऱ्यात यायच्या आत काढणं आणि कडेने ज्वारी-बाजरीच्या काही ओळी लावणं. हे कळायला तपासणी लागली.

प्रयोगशाळा दूर असेल तर एक जुनी पद्धतही अजून चालते. चवळीच्या सी-१५२ या वाणाची कोवळी रोपं कुंडीत वाढवतात, आजारी पानाचा रस गार बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) काढून, चवळीच्या पानावर कार्बोरंडमची बारीक खरखरीत पूड भुरभुरून, बोटाने हलकेच चोळतात. शेंडेमरचा विषाणू असेल तर चार-पाच दिवसांत चोळलेल्या पानावर गोल ठिपके उमटतात. चवळीचं रोप हेच इथे यंत्र. पिवळ्या मोझॅकला मात्र ही पद्धत लावू नका, तो विषाणू असा चोळून सहजी जात नाही.

नमुना कसा पाठवायचा?

कोरडा. हे आधी लक्षात ठेवा. पावसात तोडलेली पानं प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून कुरिअर केली की तिसऱ्या दिवशी आमच्या हाती काळा लगदा येतो आणि पिशवी उघडणारा माणूस खिडकी शोधतो.

सकाळी, दव उडाल्यावर, शेंड्याजवळची नुकती लक्षणं दिसू लागलेली पानं तोडा. पूर्ण वाळलेली, करपलेली नकोत. पाच-सहा वेगवेगळ्या झाडांची घ्या आणि प्रत्येक झाडाची पानं वेगळ्या कागदात गुंडाळा. वर्तमानपत्र चालेल. निरोगी झाडाची वेगळी पुडी करा आणि तिच्यावर मोठ्या अक्षरात तसं लिहा. कागदाच्या पुड्या मग पिशवीत, बर्फाची पाकिटं असतील तर थर्मोकोलच्या डब्यात. चिठ्ठीवर गाव, पीक, वाण, पेरणीची तारीख, बियाणं घरचं की विकतचं, आणि आतापर्यंत काय काय फवारलं ते लिहा. फवारणीचं लपवू नका, कुणी रागावत नाही.

शुक्रवारी पाठवू नका. शनिवार-रविवार पार्सल कुठल्यातरी गोदामात उन्हात पडून राहतं. पिवळ्या मोझॅकसाठी एक सोय आहे. डीएनए चिवट असतो, त्यामुळे पान टीपकागदात दाबून सिलिका जेलसोबत वाळवून पाठवलं तरी चालतं. तूर आणि भुईमुगाचे विषाणू आरएनएचे, ते नाजूक. तिथे ताजं आणि गारच हवं.

घरचं बियाणं ठेवू का? विषाणू बियाण्यातून येतो?

विषाणूवर अवलंबून आहे. वांझ रोग आणि शेंडेमर बियाण्यातून येत नाहीत, निश्चिंत राहा. घेवडा, राजमा आणि चवळीवरचा सामान्य मोझॅक मात्र बियाण्यातून येतो. साताऱ्याकडे घरचा घेवडा पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवतात, तिथे हा मुद्दा फार महत्त्वाचा. मोझॅकग्रस्त झाडाच्या शेंगा बियाण्यासाठी ठेवू नका. शंका असेल तर १०० दाणे मावा येणार नाही अशा जाळीत ओल्या वाळूत किंवा कुंड्यांत पेरा आणि पहिली तिपानी बघा. वळलेली, गडद-फिकट पट्ट्यांची पानं किती रोपांवर आली ते मोजा. यंत्राविना होणारी ही सर्वांत प्रामाणिक बीजतपासणी आहे.

भुईमुगात तर दाणा न मारता तपासता येतो. अंकुराच्या विरुद्ध टोकाची बारीक चकती कापून एलायझाला लावायची, उरलेला दाणा क्रमांक देऊन जपायचा, निकोप निघाला की पेरायचा.

पिवळ्या मोझॅकचं काय, हे हल्ली खूप विचारतात. बियाण्यात त्याचा डीएनए सापडल्याचे शोधनिबंध आहेत. पण दाण्यात डीएनए सापडणं आणि त्या दाण्यातून आजारी रोप उगवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शेतात हा रोग येतो तो पांढऱ्या माशीमुळे, हे गृहीत धरून चाला. तरीही आजारी झाडाचे सुरकुतलेले, बारीक दाणे बियाण्यात कशाला ठेवायचे?

भाऊ अमेरिकेहून येताना राजम्याचं वेगळं बी आणतोय. पेरू का?

नका पेरू, आणि त्याला आणूही देऊ नका. आयात परवाना आणि तिकडच्या सरकारचं वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र याशिवाय बियाणं आणणं २००३ च्या वनस्पती संगरोध (क्वारंटाइन) आदेशाविरुद्ध आहे. राजम्याच्या चकचकीत दाण्यात विषाणू असला तरी बाहेरून काहीच दिसत नाही.

मोबाइल अ‍ॅपवर फोटो टाकला तर कळतं का?

फोटोवरून अंदाज येतो. लोह आणि मोझॅक यांत अ‍ॅप गोंधळतं, आणि खरं सांगायचं तर ढगाळ दिवशी काढलेल्या फोटोवरून मीही गोंधळतो. फोटो पाठवायचाच तर पानाच्या वरच्या आणि खालच्या दोन्ही बाजूंचा, अख्ख्या झाडाचा आणि शेताचा, असे चार पाठवा. शेताचा फोटो सगळ्यात उपयोगी पडतो आणि तोच कुणी पाठवत नाही.

शेतातच निकाल देणारी पट्टी मिळत नाही का?

गर्भचाचणीसारख्या पट्ट्या काही विषाणूंसाठी निघाल्या आहेत. लॅम्प नावाची एक पद्धतही आहे. तिला पीसीआरसारखं तापमान वर-खाली करावं लागत नाही, ६०-६५ अंशांवर तासभर ठेवलं की रंग बदलतो, गरम पाण्याच्या डब्यातही भागतं. आपल्या पिकांसाठी ती अजून मुख्यतः प्रयोगशाळांच्याच हातात आहे. दुकानात कुणी ‘सगळ्या व्हायरसची एकच पट्टी’ विकत असेल तर घेऊ नका.

अहवाल निगेटिव्ह आला, पण झाड तर डोळ्यादेखत आजारी आहे.

निगेटिव्ह म्हणजे ‘ज्या विषाणूसाठी तपासलं, तो या पानात सापडला नाही’ एवढंच. पान जून असेल, वाटेत खराब झालं असेल, विषाणू दुसराच असेल किंवा विषाणूच नसेल. अहवालात कोणत्या विषाणूसाठी तपासलं ते लिहिलेलं असतं, ते वाचा आणि आम्हाला पुन्हा फोन करा. दुसरा नमुना मागण्यात आम्हाला कमीपणा वाटत नाही.

पोस्टाने नको, स्वतःच नमुना घेऊन आलो तर?

फार बरं. मुळासकट एक झाड आणा, मूळ आणि मुळावरच्या गाठीही बघता येतात, कधीकधी उत्तर तिथेच असतं. राहुरी, अकोला, परभणी, दापोली, जे विद्यापीठ जवळ असेल तिथल्या वनस्पतिरोगशास्त्र विभागाला निघण्यापूर्वी फोन करा. कोणती तपासणी चालू आहे आणि फी किती, ते हंगामानुसार बदलतं.

फक्त झाड पिशवीत घालून, तोंड घट्ट बांधून आणा आणि आमच्या जाळीघराच्या दारात पिशवी झटकू नका. आत निरोगी रोपं वाढवलेली असतात, आणि तुमच्या झाडावरून उडालेली एक पांढरी माशी तिथे पोचली तर पुढचे दोन महिने आमची ठेवणीतली निरोगी पानं संपली म्हणून समजा.